कौल येईपर्यंत

तुळजाभवानीच्या मंदिरात चिंतामणी नावाचा एक गोल दगड आहे. मनात प्रश्न धरायचा, दोन्ही हात दगडावर टेकवायचे आणि वाट बघायची. दगड उजवीकडे फिरला तर काम होणार, डावीकडे फिरला तर नाही, आणि जागचा हललाच नाही तर वेळ लागणार, अशी इथली श्रद्धा. शिवाजी महाराज मोहिमेआधी इथे कौल घेत, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. आजही लोक लग्नाचं विचारतात, नोकरीचं विचारतात, आणि दुखण्याचंही विचारतात.

या तीन उत्तरांतलं तिसरं सगळ्यांत जड. होकार मिळाला की माणूस कामाला लागतो. नकार मिळाला की रडून का होईना, दुसरी वाट धरतो. ‘थांब’ म्हटल्यावर काय करायचं, हे मात्र कुणी शिकवलेलं नसतं. फुप्फुसाच्या कॅन्सरचा संशय आल्यापासून ऑपरेशनच्या टेबलावर जाईपर्यंतचे आठवडे असे ‘थांब’चे असतात. ऑपरेशन होईल का, आधी किमो की आधी ऑपरेशन, गाठ कुठवर गेली, फुप्फुस किती काढतील, पैसा पुरेल का, आणि सगळ्याच्या तळाशी, वाचेल का. प्रश्न वेगवेगळे, पण घराच्या छातीवर ते एकाच धोंड्यासारखे बसतात. त्यातल्या काहींची उत्तरं ठरल्या दिवशी येणारच असतात. काहींची विचारली तर आज मिळतात. थोडे असे उरतात की त्यांचं उत्तर कुठल्याच डॉक्टरकडे नसतं. माझ्या मते घरं खचतात ती या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळे, म्हणून इथे ते वेगळे करून बघायचे आहेत.

आधी आपल्या भागाबद्दल, म्हणजे तुळजापूर ज्यात येतं त्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्याबद्दल. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात देशातल्या २८ नोंदणी केंद्रांचे दर दिले आहेत. वयाचा हिशेब जुळवून काढलेलं पुरुषांमधलं कॅन्सरचं प्रमाण सगळ्यांत जास्त मिझोराममधल्या ऐझॉल जिल्ह्यात, लाखामागे २६९.४. सगळ्यांत कमी उस्मानाबाद आणि बीड या जोडीत, ३९.५. फुप्फुसाच्या कॅन्सरचं सर्वांत मोठं कारण धूम्रपान, आणि महाराष्ट्रात तंबाखू ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे-लावणारे कितीतरी जास्त. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, तर धूर नसलेली तंबाखू वापरणारे २४ टक्क्यांच्या पुढे. त्यामुळे आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर माहितीतला, बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा आणि स्तनाचा माहितीतला. त्या कॅन्सरांशी या भागाचं नातंही जुनं आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली. बार्शीबरोबर आपल्याच जिल्ह्यातले परांडा आणि भूम हे तालुके तिच्यात होते. पुढे १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ५२ ग्रामसमूहांमधल्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेला अभ्यास झाला आणि २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष जगापुढे आले: आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. हा निष्कर्ष आता जगभर दाखल्याला घेतात, आणि तो मिळाला आपल्या गावांतल्या बायकांमुळे. याचा मला फार अभिमान वाटतो.

फुप्फुसाचं तसं नाही. ‘पिशवी काढली, आता ठणठणीत आहे’ असं जिच्याबद्दल सांगता येईल अशी एखादी बाई बहुतेक गावांत असते. ‘फुप्फुसाचा तुकडा काढला आणि माणूस परत शेतात गेला’ असा माणूस दहा गावांत शोधावा लागतो. आजार कमी ही चांगलीच गोष्ट, पण ज्याच्या घरात तो येतो त्याला आधी या वाटेने गेलेलं कुणी भेटत नाही. मग ‘फुप्फुस काढल्यावर माणूस श्वास कसा घेणार’ इथूनच प्रश्न सुरू होतात. त्याचं उत्तर साधं आहे आणि ते पहिल्याच भेटीत मिळायला हवं. उजव्या फुप्फुसाचे तीन कप्पे असतात, डाव्याचे दोन. बहुतेक ऑपरेशनांत त्यातला एक कप्पा काढतात. उरलेले काम सांभाळून घेतात.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ‘त्यांनी तर कधी बिडीला हात लावला नाही’ हे वाक्य या घरांत फार ऐकू येतं आणि त्यात एक बोच असते, जणू आजारालाही पुरावा द्यावा लागतो. बिडी न ओढणाऱ्यांनाही हा कॅन्सर होतो. घरात कोळसा जाळल्याचा धूर आणि बाहेरची दूषित हवा या दोन्हींना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ठाम कारणांत धरलं आहे, आणि चुलीतल्या लाकडाच्या धुराला संभाव्य कारणांत. ज्याने ओढली त्यालाही दोष देत बसून ऑपरेशनाआधीचा एक दिवससुद्धा सोपा होत नाही.

पहिली अनिश्चितता आजाराच्या नावाचीच. खोकला, उतरत चाललेलं वजन, संध्याकाळची कणकण, थुंकीत रक्ताची रेघ. आपल्याकडे ही लक्षणं म्हणजे टीबी, आणि असं वाटणं चूक नाही, कारण जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक भारतात आहेत. छातीच्या फोटोत डाग दिसतो आणि ‘एकेटी’ (टीबीच्या गोळ्या) सुरू होते, कधी कधी थुंकीत जंतू सापडलेले नसतानाही. दोन महिने गोळ्या घेतल्या, फरक नाही. आणखी दोन महिने. मग कुणीतरी सीटी करायला सांगतं आणि डागाची गाठ होते. भारतातल्या छातीच्या डॉक्टरांनी ही तक्रार वर्षानुवर्षं मांडली आहे. गेलेला वेळ हे नुकसान आहेच, पण विश्वासही जातो. ‘आधी टीबी म्हणाले, आता कॅन्सर म्हणतात, उद्या तिसरंच म्हणतील’ असं मनाशी धरलेला माणूस पुढच्या प्रत्येक रिपोर्टकडे संशयाने बघतो. म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू होतानाच विचारावं: थुंकीत जंतू सापडले का? सरकारी दवाखान्यात सीबी-नॅट ही तपासणी मोफत होते. जंतू सापडलेले नसतील आणि औषधाने महिना-दीड महिन्यात उतार पडत नसेल, तर फोटोवर न थांबता सीटीचं विचारावं. विचारण्याने कुणाचा अपमान होत नाही.

सीटीनंतर बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं. इथे गावातली सगळ्यांत जुनी भीती आडवी येते: सुई टोचली की गाठ चवताळते. सुईच्या वाटेने फुप्फुसाचा कॅन्सर पसरल्याची उदाहरणं आहेत, पण ती हजारात एकाहूनही कमी. खरा धोका निराळा आहे. सुई बाहेरून छातीत जाते तेव्हा चार-पाच जणांत एकाला फुप्फुसाभोवती हवा गळते. बहुतेकांची ती आपोआप जिरते, थोड्यांना एक-दोन दिवस नळी घालावी लागते. जवळजवळ नसलेल्या धोक्याने माणसं बायोप्सी महिनाभर टाळतात आणि असलेल्या धोक्याबद्दल विचारायचं राहून जातं, हे मला फार खटकतं. तुकड्यावरून आजाराची जात कळते. शंभरातले साधारण ८५ ‘नॉन स्मॉल सेल’ या जातीचे, आणि ऑपरेशनचा विचार मुख्यतः याच जातीत होतो. कधी गाठ लहान आणि संशय दाट असेल तर सर्जन आधी तुकडा न काढता थेट ऑपरेशनला घेतात आणि टेबलावरच तातडीची तपासणी करून पुढचं ठरवतात. तेही शास्त्राला धरूनच असतं.

मग येतो पेट-सीटी, आणि त्याच्याबरोबर या आजारातली एक अगदी आपल्या देशाची अडचण. या तपासणीत शिरेतून किरणोत्सारी साखर देतात. ज्या पेशी ती भराभर खातात त्या चमकतात. कॅन्सर चमकतो. पण जुना टीबी, सूज, जंतुसंसर्ग हेही चमकतात. छातीच्या मध्यभागी श्वासनळीलगतच्या लसिका गाठी चमकल्या, की रिपोर्टावर तसं लिहून येतं, घरातला कॉलेजात शिकणारा मुलगा ते मोबाइलवर शोधतो आणि रात्रीच घर ठरवून टाकतं की तिसरी स्टेज झाली, आता काही खरं नाही. जिथे टीबी घरोघर होऊन गेलेला असतो तिथे चमकणारी प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. म्हणून ऑपरेशनचा निर्णय ज्या गाठीवर अडलेला आहे तिचा तुकडा किंवा पाणी काढून बघावं लागतं. घशातून दुर्बीण घालून, तिच्या टोकावरच्या सोनोग्राफीने गाठ पाहून, सुईने नमुना घेतात. त्याला ईबस म्हणतात. पेट-सीटीच्या रिपोर्टनंतर आणखी एक तपासणी सांगितली की लोकांना वाटतं, डॉक्टरांनाच काही कळत नाही. माझं मत उलट आहे. त्या ठिकाणी जो डॉक्टर थांबतो आणि तुकडा मागतो, त्याच्यावर भरवसा ठेवावा. एका चमकेवरून ज्याला ‘ऑपरेशन होत नाही’ म्हणून परत पाठवलं त्याचं नुकसान भरून येत नाही.

तुकडा प्रयोगशाळेत गेला की जनुकांची तपासणी होते, आणि पुन्हा दोन-तीन आठवडे. हे थांबणं लोकांना सगळ्यांत निरर्थक वाटतं, म्हणून त्याचं कारण सांगायला हवं. भारतात या कॅन्सरच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमा या प्रकारात साधारण चौघांत एकाच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल सापडतो. तो असेल तर ऑपरेशननंतर रोज घ्यायची एक गोळी उपयोगी पडते: अडॉरा या मोठ्या अभ्यासात पाच वर्षांनी गोळी घेणाऱ्यांपैकी ८८ टक्के हयात होते, न घेणाऱ्यांपैकी ७८ टक्के. तो बदल नसेल तर दुसरा रस्ता खुला होतो, आधी औषध आणि मग ऑपरेशन. २०२२ मध्ये चेकमेट-८१६ या अभ्यासाचे निकाल आले. एका गटाला ऑपरेशनाआधी नुसती किमो, दुसऱ्याला किमोबरोबर निवोलुमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारं औषध, तीन वेळा. ऑपरेशनात काढलेल्या फुप्फुसात कॅन्सरची एकही जिवंत पेशी न सापडलेले रुग्ण पहिल्या गटात २.२ टक्के होते, दुसऱ्यात २४ टक्के. पाच वर्षांनी हयात असलेले ५५ आणि ६५ टक्के.

हे आकडे आशेचे आहेत, पण त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे आणि ऑपरेशनाआधी तोच जास्त बोचतो. नव्या औषधाच्या गटातल्या शंभरांपैकी ८३ जणांचंच ऑपरेशन झालं. उरलेल्यांत कुणाचा आजार वाढला, कुणाला औषध सोसलं नाही, कुणी स्वतःच नको म्हणालं. ‘आता काढून टाका ना, वाट कशाची बघता’ हे घरच्यांचं म्हणणं म्हणून वेडगळ नसतं. दोन्ही बाजूंना खरं वजन आहे. शिवाय या औषधाचा खर्च काही लाखांत जातो. अशा वेळी एका डॉक्टरच्या खोलीत ठरवण्यापेक्षा सर्जन, किमोचे डॉक्टर आणि रेडिएशनचे (आपल्याकडे ज्याला लाइट घेणं म्हणतात) डॉक्टर एकत्र बसून ठरवतात ती पद्धत बरी. तिला ट्यूमर बोर्ड म्हणतात. ‘आमची केस बोर्डापुढे ठेवली का?’ हा प्रश्न कुणीही विचारू शकतं. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरची केंद्रं जोडलेली आहेत आणि उपचारांचे सामायिक नियम त्यांनी आखून ठेवले आहेत, त्यामुळे प्रत्येक मतासाठी मुंबई गाठावी लागतेच असं नाही.

दोन डॉक्टरांची दोन मतं आली की त्यातला एक फसवतोय असं आपण धरून चालतो. फुप्फुसाच्या बाबतीत तरी असं धरू नये, कारण शास्त्रच हलतं आहे. १९९५ मधल्या एका अमेरिकी अभ्यासाने ठरवलं की गाठ लहान असली तरी पूर्ण कप्पाच काढावा. सत्तावीस वर्षं जगभर तेच चाललं. २०२२ मध्ये जपानच्या आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या अभ्यासांनी दाखवलं की दोन सेंटिमीटरपर्यंतच्या, फुप्फुसाच्या कडेच्या गाठीसाठी कप्प्याचा भाग काढूनही चालतं. एक सर्जन कप्पा म्हणाला आणि दुसरा भाग, तर दोघांनाही ‘का’ विचारावं. उत्तरात गाठीचा आकार, जागा आणि तुमच्या श्वासाची ताकद यांचा हिशेब आला पाहिजे.

श्वासाच्या ताकदीचा प्रश्न मात्र असा आहे की त्याचं उत्तर काही अंशी रुग्णाच्या स्वतःच्या हातात असतं. म्हणून तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. नळीत जोरात फुंकर मारून फुप्फुसाची क्षमता मोजतात. त्यात शंका उरली तर एक जुनी, बिनखर्चाची चाचणी आहे: जिने चढायला लावणं. न थांबता २२ मीटरहून उंच, म्हणजे साधारण सात मजले चढणाऱ्याला कप्पा काढण्याचा धोका कमी धरतात. तुळजापूरच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. महाद्वारातून देवीकडे जाताना पायऱ्या उतरायच्या असतात, कस लागतो तो दर्शन घेऊन वर येताना, आणि कुणाचा दम कुठल्या टप्प्यावर लागतो हे घरच्यांना पक्कं माहीत असतं. हा दम वाढवता येतो. ऑपरेशनाआधी काही आठवडे चालणं आणि श्वासाचे व्यायाम केले तर नंतरचे छातीचे त्रास निम्म्याहून कमी होतात, असं २०२२ च्या कॉक्रेन आढाव्याने दाखवलं आहे. अभ्यास लहान आहेत, पण कल एकाच बाजूचा आहे. तीन रंगीत गोळ्यांचं ते छोटं प्लॅस्टिकचं यंत्र मेडिकलच्या दुकानात काही शेकड्यांत मिळतं. ओढीने श्वास घेऊन गोळ्या वर उचलून धरायच्या. बिडी त्याच दिवशी बंद, आणि मिशेरीची डबीही उचलून ठेवावी, निकोटिन तिच्यातही असतंच. जे रोज मोजता येतं आणि रोज थोडं वाढतं, असं या दिवसांत दुसरं काही हाताशी नसतं.

मर्ल मिशेल या अमेरिकी परिचारिका-संशोधक. त्यांच्या वडिलांना आतड्याचा कॅन्सर झाला. आपल्याला काय होतंय हे त्या माणसाला उमगत नव्हतं, तेव्हा जे थोडंफार आपल्या ताब्यात आहे त्यालाच तो घट्ट धरून बसे. ते पाहून मिशेल यांचं काम सुरू झालं आणि १९८८ मध्ये त्यांनी आजारातल्या अनिश्चिततेचा सिद्धांत मांडला. अनिश्चितता मुळात चांगली ना वाईट. माणूस तिच्याकडे धोका म्हणून बघतो किंवा संधी म्हणून, आणि त्यावरून पुढचं वागणं ठरतं. आपल्या घरांत हे रोज दिसतं. आजारी बाप अचानक सोयाबीनच्या पोत्यांचा हिशेब तिसऱ्यांदा करायला लागतो. आई फाइलमधले कागद तारखेप्रमाणे लावून ठेवते, पुन्हा काढते, पुन्हा लावते. त्यांना हटकू नये. ते त्यांच्या परीने पाय रोवत असतात.

हटकायला हवं ते एका वेगळ्या सवयीला. ‘अण्णांना काही सांगू नका, खचून जातील.’ फाइल मुलाच्या हातात, रिपोर्ट जावयाच्या मोबाइलवर, डॉक्टरांशी बोलणं बाहेरच्या बाकावर. अण्णा आत बसलेले. ज्यांनी चाळीस वर्षं पावसाच्या भरवशावर पेरण्या केल्या, ते अनिश्चिततेने खचतील असं आपण कशावरून धरतो? आणि लपतं तरी काय? आपल्या भागात ‘बार्शीला नेलंय’ एवढं म्हटलं की गावाला कळतं. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलची पाटी अण्णांनाही वाचता येते. त्यांना माहीत असतं, आपल्याला माहीत आहे हेही माहीत असतं, फक्त बोलायचं कुणी नसतं. मग ते चेहऱ्यांवरून अंदाज बांधतात, आणि असा अंदाज रिपोर्टपेक्षा जवळजवळ नेहमीच वाईट निघतो. ज्या आजारात ऑपरेशनचा विचार चाललाय, म्हणजे जिथे बरं होण्याची वाट अजून खुली आहे, तिथे तर ही लपवाछपवी माणसाकडून त्याची आशाही काढून घेते. खरं सांगितल्याने आयुष्य घटतं, या भीतीलाही आधार नाही. २०१० मध्ये अमेरिकेत, फुप्फुसाचा कॅन्सर खूप पुढे गेलेल्या १५१ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या त्रासाची सुरुवातीपासूनच नेहमीच्या उपचारांबरोबर वेगळी काळजी घेतली गेली, आणि त्यात आजाराबद्दल मोकळं बोलणंही झालं, त्यांच्यात खिन्नता कमी आढळली आणि ते थोडं अधिकच जगले.

सगळं एकदम सांगावं असं मी म्हणत नाही. किती ऐकायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. ‘अण्णा, डॉक्टरांचं सगळं तुम्ही ऐकणार, का दादानं ऐकून तुम्हाला सांगायचं?’ एवढा प्रश्न पुरतो. काही जण ‘दादालाच सांगा’ म्हणतील. तेही त्यांचंच उत्तर असेल.

पैशाबद्दल थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, किमो आणि रेडिएशनची पॅकेजं आहेत. २०२३ मध्ये शासनाने ती सर्व रेशनकार्डधारकांसाठी खुली करण्याचा आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय घेतला. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो. दाखल होण्याआधी त्याला भेटावं आणि कुठली तपासणी पॅकेजात बसते, कुठली खिशातून, हे कागदावर लिहून घ्यावं. पेट-सीटी, जनुक तपासणी आणि नवी औषधं यांचं आधीच विचारावं, घरं कर्जात जातात ती बहुतेक इथेच. मुंबईला जायची वेळ आली तर सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी दादरला सोडते. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासून तिथे आहे आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत बाहेरगावच्या रुग्णांची सोय होते. राहायचं कुठे हा प्रश्न सुटला की निम्मं मन मोकळं होतं, हे जाऊन आलेले लोक आवर्जून सांगतात.

आणि देवी. नवस बोलणं, ओटी भरणं, कुलदैवताला येऊन जाणं हे उपचारांच्या आड येतं असं मला वाटत नाही. ज्या मनाला रात्रभर झोप नाही त्याला ते टेकू देतं. आड येते ती ‘नवरात्र झाल्यावर बघू’, ‘काढणी झाल्यावर बघू’, ‘अमावस्या जाऊ द्या’ ही पुढे ढकलण्याची साखळी. किती थांबलेलं चालतं याचाही अभ्यास झालेला आहे. पहिल्या स्टेजच्या जवळपास दहा हजार अमेरिकी माजी सैनिकांच्या नोंदी २०२१ मध्ये तपासल्या गेल्या. सीटीवर गाठ दिसल्यापासून बारा आठवड्यांहून जास्त उशीर झालेल्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. म्हणजे दुसरं मत घ्यायला दहा दिवस घेतले तर बिघडत नाही. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत थांबलं म्हणूनही बहुधा बिघडणार नाही, डॉक्टरांना विचारून थांबलं तर. दसऱ्याचं दिवाळीवर आणि दिवाळीचं तुळशीच्या लग्नावर गेलं की बिघडतं.

थांबण्याची एक रीत तुळजापूरला माहीत आहे. भाद्रपद वद्य अष्टमीला देवी घोरनिद्रेला जाते आणि घटस्थापनेला सिंहासनावर येते. त्या दिवसांत गाव अस्वस्थ नसतं, कारण उठण्याची तिथी ठरलेली असते. हॉस्पिटलातही प्रत्येक कागदाची तिथी मागून घ्यावी: बायोप्सीचा रिपोर्ट कुठल्या दिवशी, जनुकांचा कधी, बोर्ड कुठल्या वारी बसतं, त्या तारखेला नाही आला तर फोन कुणाला करायचा. भिंतीवरच्या कालनिर्णयावर ते लिहून ठेवावं.

एवढं करूनही जे उरतं ते उरतंच. टेबलावर काय सापडेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनच्या इतिहासातलं एक मोठं पान तिथलंच आहे. ५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेत सेंट लुईसमध्ये एव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी जेम्स गिलमोर या पिट्सबर्गच्या प्रसूतितज्ज्ञाची छाती उघडली. बेत एक कप्पा काढण्याचा होता. आत गाठ अशी निघाली की पूर्ण डावं फुप्फुस काढल्याशिवाय इलाज नव्हता, आणि कॅन्सरसाठी एका बैठकीत पूर्ण फुप्फुस काढलेला रुग्ण तोवर जगलेला नव्हता. गिलमोर भूल देऊन झोपलेले. ग्रॅहॅम यांनी शेजारी उभ्या असलेल्या, गिलमोर यांच्या डॉक्टर मित्राला विचारलं आणि पुढे गेले. आज असं चालत नाही. शुद्धीवर असताना संमती देऊ शकणाऱ्या प्रौढ रुग्णाची संमती त्याची स्वतःचीच लागते, भूल दिल्यावर बाहेर बसलेल्या नातेवाइकाची सही तिच्या जागी चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं. जीव वाचवायची तातडी तेवढी अपवाद. म्हणून आदल्या दिवशी संमतीपत्रावरचा ‘गरज पडल्यास पूर्ण फुप्फुस’ हा भाग मोठ्याने वाचून घ्यायचा असतो, आणि तो अण्णांनी ऐकायचा असतो.

ऑपरेशनाआधी गिलमोर सगळं निरवून यायला म्हणून घरी जाऊन आले होते. त्या फेरीत त्यांनी दोन कामं केली असं सांगतात. दफनभूमीत स्वतःसाठी जागा घेतली, आणि दंतवैद्याकडे जाऊन किडलेले दात भरून घेतले. ते पुढे तीस वर्षं जगले. ग्रॅहॅम १९५७ मध्ये फुप्फुसाच्याच कॅन्सरने गेले.

ऑपरेशन झालं की काढलेला भाग पॅथॉलॉजीत जातो आणि पुन्हा आठ-दहा दिवसांची वाट सुरू होते. कडा स्वच्छ निघाल्या का, गाठींमध्ये काही होतं का, पुढे गोळी की किमो की नुसती तपासणी. छातीत नळी असते, खोकताना कुशीशी उशी दाबून धरावी लागते. पहिल्या दिवशी खाटेवरून उठून खुर्चीपर्यंत, दुसऱ्या दिवशी नळीची बाटली हातात धरून दारापर्यंत, मग वॉर्डाच्या टोकापर्यंत. उशाला तेच तीन गोळ्यांचं यंत्र. ऑपरेशनाआधी तिन्ही वर जात होत्या, आता एकच जाते. दुपारी दुसरी हलते.